दुर्गम पाड्यावर कुत्र्या-मांजरांचं लसीकरण शिबिर: आखणीपासून संध्याकाळच्या मोजणीपर्यंत

शिबिराची यादी करायला बसलं की नसबंदी, दात, डोळे, कान, सगळं कागदावर उतरतं. त्यातलं बरंचसं खोडायचं असतं आणि खोडताना एकच प्रश्न विचारायचा: संध्याकाळी आपली जीप परत गेली की उद्या, परवा आणि चौदाव्या दिवशी या जनावराकडे कोण बघणार? मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या आतल्या गावांत किंवा सातपुड्यात धडगावच्या पाड्यांवर याचं उत्तर बहुतेक वेळा ‘कोणी नाही’ असंच येतं. म्हणून जे काम एका सुईत संपतं ते आधी. ते म्हणजे रेबीजची लस. जंत, गोचीड, खरूज आणि अळ्या पडलेल्या जखमा त्यानंतर. शस्त्रक्रिया जवळपास कधीच नाही.

नसबंदीचा आग्रह गावकऱ्यांकडूनही होतो, तरी नाही म्हणा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे हे काम भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनेच करायचं आहे. त्यासाठी शस्त्रक्रियेची खोली लागते, शिवाय टाके सुकेपर्यंत कुत्रं ठेवायला पिंजरे लागतात. समाजमंदिराच्या ओट्यावर पोट उघडलेली कुत्री रात्री चिखलात बसते, टाके चाटते, आणि चौथ्या दिवशी तिचं काय झालं हे आपल्याला कळतही नाही. गावाला मात्र कळतं, आणि पुढच्या वर्षी लसीलाही कोणी कुत्रं आणत नाही.

परवानग्या आणि माणसं

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार निदान आणि उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकाचे. स्वयंसेवकांनी धरायचं, वजन करायचं, लिहायचं, धुवायचं. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टर ठरवणार. तालुक्याच्या पंचायत समितीतले पशुधन विकास अधिकारी आणि जवळच्या दवाखान्याचे पशुधन पर्यवेक्षक यांना महिनाभर आधी भेटा. त्यांना पाहुणे म्हणून बोलावू नका, सोबत कामाला घ्या. दुसरा डोस द्यायला उद्या तेच असणार आहेत. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या. गाव व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असेल तर वनविभागाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर गाडी नाक्यावरच अडते.

एका तुकडीत पाच माणसं लागतात: एक डॉक्टर, दोन धरणारे, एक लिहिणारा आणि गावची बोली येणारा एक. हा पाचवा सर्वांत महत्त्वाचा. कोरकू आजीला मराठीत ‘लस’ समजावत बसलात तर तेवढ्यात कुत्रं रानात गेलेलं असतं. कुत्र्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाने स्वतःची रेबीजची पूर्वलस घेतलेली हवी: पहिला डोस, सातव्या दिवशी दुसरा, २१ किंवा २८ व्या दिवशी तिसरा. म्हणजे तयारी शिबिराच्या निदान महिनाभर आधी सुरू झाली पाहिजे. लस न घेतलेल्या उत्साही माणसाला वही द्या, दोर देऊ नका.

तारीख ठरवताना आठवडी बाजाराचा वार टाळा. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाचाही मोह टाळा. फोटोला छान दिवस, पण तेव्हा ओढे भरलेले असतात. मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत माणसं पहाटेच रानात जातात, आणि कुत्री त्यांच्या मागे. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. पावसाळा संपून रस्ता सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा. पक्की तारीख आशाताईंना विचारून ठरवा, कोणत्या घराला कधी कुलूप असतं हे त्यांना पाठ असतं.

दोन दिवस आधी एकाने पहाटे उजाडताना सगळ्या गल्ल्या फिरून कुत्री मोजायची. घरोघरी विचारून मिळणारा आकडा नेहमी कमी असतो, कारण जी सगळ्यांची आहेत ती कोणीच आपल्यात मोजत नाही. मोजलेल्या आकड्यात पावपट मिळवा. तेवढे डोस न्यायचे.

थंडाव्याची साखळी

शिबिर बहुतेक वेळा इथे फसतं आणि फसलेलं दिसत नाही. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, हे सगळ्यांना माहीत असतं. उन्हाला सगळे घाबरतात, गोठण्याला कोणी घाबरत नाही. निष्क्रिय, म्हणजे मारलेल्या विषाणूच्या, रेबीज लशीत तिला धरून ठेवणारा घटक असतो. लस एकदा गोठली की तो फुटतो, आणि वितळल्यावर कुपी बाहेरून पहिल्यासारखीच दिसते. आपण कार्ड लिहून देतो, आणि कुत्रं लसीशिवायच राहतं.

म्हणून बर्फाच्या पट्ट्या फ्रीजरमधून काढून थेट लसवाहकात भरू नका. त्या टेबलावर पसरून ठेवा. आधी पट्टीवर पांढरं दव असतं, मग तिला घाम सुटतो. पट्टी कानाजवळ नेऊन हलवा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की ती तयार झाली. उन्हाळ्यात याला अर्धा तास लागेल, थंडीत तासापेक्षा जास्त. मग पट्ट्या पुसून चार बाजूंना चार लावायच्या, कुप्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मधे ठेवायच्या, त्यांच्यात थर्मामीटर, वर फोमची गादी आणि झाकण. झाकण सारखं उघडलं नाही तर हा छोटा लसवाहक साधारण १२ तास काम देतो. दर तासाला तापमान वहीत लिहा.

दहा मिलिच्या कुपीतून एक मिलिचे दहा डोस निघतात. एका वेळी एकच कुपी बाहेर काढा, भरण्याआधी हलवा, सिरिंजा आधीच भरून ठेवू नका. बुचात सुई खोचून ठेवायची सवय मोडा. दर वेळी त्या सुईतून कुपीत हवा आणि घाण जाते. उघडलेली कुपी त्याच दिवशी संपवायची, उरली तर टाकायची. दोन डोससाठी जीव हळहळतो, पण ते उद्यावर ठेवू नका.

मुक्काम असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लशींच्या खास फ्रीजमध्ये, प्राण्यांची लस ठेवू देत नाहीत. तिथे लहान मुलांच्या लशी असतात आणि हा नियम योग्यच आहे. तिथे फक्त बर्फाच्या पट्ट्या गोठवून मागा. लस ठेवायला पशुवैद्यकीय दवाखान्याचा फ्रीज बघा, आणि तो रात्रभर चालू असतो का हे आदल्या आठवड्यात स्वतः तपासा.

१०० कुत्र्यांसाठी सामान

दहा डोसच्या १२ ते १३ कुप्या. २ मिलिच्या १४० सिरिंजा आणि २३ गेजच्या तितक्याच सुया, वर २० जादा. एका जनावराला एक सुई. गोचिडांतून येणारे रक्तातले परजीवी सुईवरूनही पुढच्या कुत्र्यात जातात, म्हणून काटकसर इथे करायची नाही. तीन इंची गॉज पट्टीचे दहा रोल, मुसक्यांसाठी सव्वा-सव्वा मीटर कापून. दोन मीटरचे सुती दोर सहा, टोकाला सरकगाठ. हाताच्या दोन जाळ्या. ५० किलोचा लोंबता काटा आणि दोन मजबूत पोती. नळाचा २० लिटर कॅन आणि साध्या साबणाच्या चार वड्या. सुयांसाठी टोचणार नाही असे दोन जाड डबे, पिवळ्या-लाल पिशव्या. वही, १२० कार्डं, दोन-तीन पेन, कारण एक हरवतंच.

खुणेसाठी जनावरांचा मार्किंग रंग किंवा सुती कापडाच्या रंगीत पट्ट्या. होळीच्या आसपास रंग वापरू नका. पोरांनी निम्मी कुत्री आधीच रंगवलेली असतात. पट्टी बांधताना खाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. सुती असली की महिन्या-दोन महिन्यांत कुजून पडते, नायलॉन मात्र मानेत रुततं. वाढत्या पिल्लाला पट्टी बांधूच नका, त्याला रंग लावा.

धरणं आणि टोचणं

चौकातल्या एका झाडाखाली टेबल टाकणं सोयीचं दिसतं. पाड्यावर ते चालत नाही. इथल्या कुत्र्यांना साखळीची सवय नाही. दहा अनोळखी कुत्री एका जागी आली की भांडणं लागतात, आणि त्यात माणसंच चावून घेतात. घरोघरी जा. सकाळी ६ ते ९ ही वेळ सोन्याची: कुत्री अंगणात असतात, ऊन नसतं, माणसं घरात असतात. नऊनंतर उपचार, जेवण, नोंदी. मग चारनंतर पुन्हा फेरी.

कुत्रं त्याच्या घरच्या मोठ्या माणसानेच धरायचं. लहान पोरगं दोरीला बांधून आणेल आणि ‘काही करत नाही’ म्हणेल. त्याचं त्याला करत नसेल, सुईला करतं. शंका असेल तिथे गॉजची मुसकी: पट्टीच्या मध्यावर सैल फास करा, बाजूने येऊन तो नाकाडावर टाका, ओढा, टोकं हनुवटीखाली फुलीसारखी आणा आणि कानांमागे सरक्या गाठीने बांधा. नाकपुड्या मोकळ्या हव्यात. कुत्रं अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतं, तोंड बांधलेलं असताना दोन मिनिटांच्या वर ठेवू नका. दुपारी तर बांधूच नका.

सुई मानेमागच्या किंवा खांद्यावरच्या सैल कातडीत द्यायची. चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि तंबूच्या पायथ्याशी टोचायची. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सुई एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. लस केसांवर सांडते, घाईत कळत नाही. टोचून झाल्यावर तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर डोस वाया गेला आहे, पुन्हा द्या.

धरता न येणाऱ्यांसाठी जाळी. गोव्यातल्या रेबीज मोहिमेत रस्त्यावरची कुत्री अशीच हाताच्या जाळीने पकडून, टोचून, खूण करून जागच्या जागी सोडली गेली. जाळी टाकणारा शिकलेला हवा. जाळीचं कडं जमिनीला दाबून धरायचं, दुसऱ्याने जाळीतूनच मांडीच्या स्नायूत टोचायचं, रंग फवारायचा आणि सोडायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण गल्लीत एक कुत्रं जाळीत गेलं की बाकीची ओरडत पांगतात, म्हणून आधी धरता येणारी सगळी आटपा, जाळी शेवटी.

गाभण आणि दूध पाजणाऱ्या कुत्र्यांना लस द्या. खरजेने उघडी पडलेल्यांनाही. वेष्टनावर तीन महिन्यांचं वय लिहिलेलं असलं तरी सामूहिक मोहिमेत लहान पिल्लांनाही टोचून घ्यावं, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. पिल्लं सोडली तर पुढच्या वर्षी गावभर तीच फिरत असतात. अशा पिल्लांची वेगळी यादी करा, त्यांना पुढच्या फेरीत पुन्हा डोस हवा. मांजरं कोंबड्यांच्या टोपलीत किंवा उशीच्या अभ्र्यात आणायला सांगा आणि कुत्र्यांपासून लांब, दार लावून, खोलीत टोचा.

टोचल्यावर १५-२० मिनिटं जनावर नजरेसमोर असू द्या. तोंड सुजणं, अंगावर गांधी, उलटी, एकदम मान टाकणं, असं क्वचित होतं, पण झालं तर हाताशी ॲड्रिनॅलिन हवं. एका मिलित एक मिलिग्रॅम असलेलं असेल तर दहा किलोच्या कुत्र्याला ०.१ मिलि स्नायूत. हा आकडा मोठ्या अक्षरात डब्यावर चिकटवून ठेवा. त्या क्षणी गणित सुचत नाही.

जबडा लोंबलेलं कुत्रं

पिसाळलेलं कुत्रं म्हणजे धावत सुटलेलं, ही समजूत घातक आहे. मुक्या प्रकारात ते कोपऱ्यात बसतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरचे म्हणतात, ‘घशात हाड अडकलंय, तेवढं काढा.’ तोंडात हात घालायचा नाही. गाय-बैल चारा सोडून वेगळाच हंबरत असेल, तोंडातून लाळ येत असेल, तरी हाच नियम. त्या घराची माणसं-मुलं बाजूला करा, जनावर बंद जागेत राहील असं बघा आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. गेल्या काही दिवसांत ते कोणाला चावलं, कोणी त्याची लाळ हाताळली, याची नावं लिहून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात द्या.

आपल्यापैकी कोणाला चावलं तर काम थांबवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. पूर्वलस झालेल्याला पुढे त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतात. न झालेल्याला पूर्ण मालिका, आणि रक्त आलेलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). ते जवळ कुठे मिळतं हे शिबिराआधीच विचारून ठेवा. सगळ्या आरोग्य केंद्रांत ते असेलच असं नाही.

उपचार: थोडे, पण पुरे होणारे

आधी वजन. पोत्यात घालून काट्याला टांगा, अंदाजावर जाऊ नका. जंताच्या प्राझिक्वांटेल-पायरँटेल-फेनबेंडाझोल गोळीचं प्रमाण बहुधा दहा किलोला एक असतं. गोळी चारताना भाकरीच्या तुकड्यात लपवली तर कुत्रं भाकरी खातं आणि गोळी थुंकतं. जिभेच्या मुळाशी ठेवून तोंड मिटा, घसा चोळा.

खरजेवर आयव्हरमेक्टिन गावात आधीच पोचलेलं असतं, आणि नेमका तिथेच घात होतो. जनावरांचं एक टक्क्याचं इंजेक्शन एका मिलित दहा मिलिग्रॅम असतं. दहा किलोच्या कुत्र्याला २०० मायक्रोग्रॅम प्रति किलोने त्यातलं ०.२ मिलि पुरतं, म्हणजे ४० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर आठ रेघा. बैलाच्या अंदाजाने कोणी एक मिलि किंवा जास्त दिलं तर कुत्रं झिंगू शकतं, आंधळं होऊ शकतं, मरूही शकतं. कोली (Collie) या विदेशी जातीच्या आणि तशा मिश्र कुत्र्यांना साधा डोसही बाधू शकतो. आणि हे औषध १४ दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं. पशुधन पर्यवेक्षक ते देणार असतील तरच सुरू करा. ते जमणार नसेल आणि पैसे असतील तर फ्लुरालॅनरची वजनाप्रमाणे एक गोळी. तिचा असर १२ आठवडे राहतो. महाग आहे, पण जीप परत गेल्यावरही तिचं काम चालू राहतं.

अळ्या पडलेल्या जखमेचे केस आधी कापा, दोन बोटं बाहेरपर्यंत. टर्पेंटाईनचा बोळा जखमेच्या तोंडाशी काही मिनिटं धरला की अळ्या वर येतात, मग चिमट्याने एकेक काढा. खोल भोकात टर्पेंटाईन ओतून ठेवायचं नाही, मांस भाजतं. शेवटी कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन सिरिंजने मारून धुवा, जखम पुसा, आत उरलेल्या अळ्या पुन्हा बघा. चार राहिल्या तर आठवड्यात जखम होती तशीच होते. घरच्यांना रोज लावायला माश्या दूर ठेवणारा फवारा द्या आणि पहिला फवारा त्यांच्याच हाताने मारून घ्या. फिनेल, पेट्रोल, डांबरगोळ्यांची पूड यांतलं काहीही जखमेत घालू देऊ नका.

मांजरांची गोष्ट वेगळी आहे, हे प्रत्येक घरी पुन्हा सांगावं लागतं. गोठ्यात फवारायचं डेल्टामेथ्रिन, कुत्र्याचं परमेथ्रिन, फिनेल आणि तापाची पॅरासिटामॉल, चारही मांजराला विष आहेत. कुत्र्यांनाही माणसांच्या वेदनाशामक गोळ्या नकोत. डायक्लोफिनॅक तर पेटीतच ठेवू नका. गिधाडांच्या मृत्यूंमुळे २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे.

रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू रांगेत घेऊ नका. पार्व्हो हा झपाट्याने पसरणारा विषाणूचा आजार असण्याची शक्यता मोठी. त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी, वेगळ्या माणसाने जायचं, आणि हात-बूट ब्लीचच्या पाण्याने धुवायचे, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी.

कचरा आणि मोजणी

सुयांना टोपण परत लावायचं नाही, सरळ डब्यात. डबे आणि पिशव्या जीपमधून परत न्यायच्या आणि जैववैद्यकीय कचऱ्याची सोय असलेल्या दवाखान्यात द्यायच्या. गावाबाहेर खड्डा करून पुरलेली सुई पावसात वर येते आणि पोरांच्या हाती लागते.

वहीत ६० डोसची नोंद आहे म्हणजे काम झालं, असं नाही. पण गावात एकूण कुत्री किती होती? रेबीजचा प्रसार तुटायला सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस लागते. म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमारास, वही न बघता, ज्याने सकाळी टोचलं नाही अशाने सगळ्या गल्ल्या एकदाच फिरायचं. दिसलेली मोठी कुत्री मोजायची: किती खुणेची, किती बिनखुणेची. समजा ४३ दिसली आणि २७ ला खूण आहे, तर ६३ टक्के झाले. आणखी निदान चार हवीत. बिनखुणेच्या प्रत्येकाची जागा लिहा: शाळेमागची काळी, हातपंपाजवळचा तुटक्या कानाचा, पिठाच्या गिरणीखालची व्यालेली.

त्याच रात्री वहीच्या दोन प्रती करा. पहिली पशुधन पर्यवेक्षकांना, दुसऱ्या डोसच्या तारखा आणि घरमालकांच्या नावांसकट. दुसरी आशाताईंकडे, म्हणजे उद्या कोणाला कुत्रं चावलं तर त्या कुत्र्याला लस झाली होती का हे गावातच बघता येईल, जखमी माणसाचे डोस मात्र त्यावाचून थांबवायचे नाहीत. गावातल्या कुत्र्यांत मरणारी आणि नव्याने जन्मणारी इतकी असतात की आजचे ७० टक्के वर्षभरात बरेच खाली येतात. म्हणून पुढच्या वर्षीचा महिना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आजच लिहून घ्या. मग पट्ट्या गोठायला पाठवा, उरलेल्या न उघडलेल्या कुप्या मोजा आणि पहाटे साडेपाचला दोन जाळ्या घेऊन आधी शाळेमागे जा.